नाव नको, पत्ता सांगा

हॅगविकच्या शाळेत हेस्टर वेरिलबाईंनी सव्वीस वर्षं शिकवलं, आणि सव्वीस वर्षांत किनाऱ्यावर सापडलेल्या एकाही जीवाश्माचं नाव त्यांनी पोरांना आधी सांगितलं नाही. पोरगं दगड घेऊन धापा टाकत यायचं, बाई हे काय म्हणून विचारायचं, आणि बाई चष्मा कपाळावर सरकवून म्हणायच्या, "नाव नको. पत्ता सांग. कुठं राहायचं हे?" मग पोरानं दगड उलटासुलटा करून बघायचा. काळा आणि पापुद्र्यांचा असला, तर तो एके काळी समुद्रतळाचा गाळ. पापुद्रे वहीच्या पानांसारखे नीट असले, कुणी उकरलेले नसले, तर त्या गाळात किडासुद्धा जगत नव्हता, तळाला हवाच नव्हती. शिंपले फुटके आणि ढिगानं पडलेले असले, तर पाणी उथळ आणि खवळलेलं. नाव काय, पुस्तकात मिळतं, असं बाईंचं म्हणणं. पत्ता स्वतःच्या डोळ्यांनी शोधावा लागतो. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळं आमच्या पबमध्ये नवं तोंड दिसलं की अजूनही कुणीतरी हळूच म्हणतं, नाव राहू दे, पत्ता विचार.

बाई कोळ्याची मुलगी. बाप आयझॅक वेरिल, चाळीस वर्षं खेकड्यांचे सापळे टाकलेला माणूस, आता ऐंशी पार करून धक्क्यावरच्या बाकावर बसलेला. असल्या घरातल्या माणसाला समुद्राबद्दल कुणी काही सांगायला जात नाही. आणि नेमकं तेच नडलं.

आता हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं याच्यावर आहे. आमच्या यॉर्कशरच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीचं पत्रक हिवाळ्याच्या वेळेत छापायचे. मार्च संपताना सगळ्या देशाची घड्याळं एक तास पुढं जातात. पत्रक काही जात नाही. म्हणून उन्हाळ्यात पत्रकातल्या वेळेत एक तास मिळवायचा. हे आमच्याकडं कुणी शिकवत नाही. मूल जसं दार उघडताना उंबरा ओलांडतं, तसं हॅगविकचं माणूस पत्रक वाचताना तास मिळवतं. त्या वर्षी मात्र छापणारा बदलला. नव्या माणसानं शहाणपणा करून तास आधीच मिळवून टाकला, आणि तसं पुस्तिकेच्या पहिल्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंही. बिचाऱ्याची काही चूक नाही. पण पहिलं पान गावात वाचतंय कोण? बाईंनी दर वर्षीप्रमाणं मे महिन्याचं पान फाडलं, स्वयंपाकघरात टाचणीनं लावलं, आणि बाकीची पुस्तिका सुतळीच्या खणात टाकली.

सहलीच्या दिवशी पत्रकात ओहोटी होती अकरा वाजून बारा मिनिटांनी. बाईंनी डोक्यात सव्वाबारा केले. उधाणाचे दिवस होते. पाणी लांब आत जाणार आणि तितकंच वर येणार. गावाच्या उत्तरेला कड्याचं एक नाक समुद्रात घुसलंय, त्याला वळसा घालून गेलं की सापांचा किनारा. गुंडाळून बसलेल्या सापासारखे अमोनाइट, म्हणजे दगड झालेले शंख, तिथं पायलीचे पन्नास, म्हणून हे नाव. मागं उभा काळा कडा, दोन्ही बाजूंना दोन नाकं, वर जायला वाट नाही. ओहोटीनंतर दीड तासापर्यंत नाकाखालून पाय न भिजवता परत येता येतं. त्यानंतर नाही.

अकरा पोरं, बाई, आणि मदतीला एका मुलीची आई. ही मुलगी पिपा नेसफील्ड, नऊ वर्षांची, नाकाच्या शेंड्यावर ठिपके असलेली, अखंड प्रश्न विचारणारी. मायलेकी दोन वर्षांपूर्वी लीड्सहून आल्या होत्या आणि टेकडीवर राहत होत्या. दोन वर्षं म्हणजे आमच्या गावाच्या हिशेबानं काल संध्याकाळी आल्या म्हणायच्या. शाळेच्या फाटकाशी पोरं ओळीत उभी असताना पिपाच्या आईनं विचारलं, की ओहोटी सव्वाअकराची आहे ना, मग आपण निघायला उशीर नाही का केला?

बाई हसल्या. मनानं वाईट नव्हत्या हो, पण हसल्या. "नेसफील्डबाई, तुम्ही लीड्सच्या. तिकडं समुद्र नळातून येतो. इथं तास मिळवायचा असतो."

"नाही, पण त्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर..."

पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. केल्विन थीकरनं तोंडानं नळाचा आवाज काढला आणि सगळी ओळ खिदळली. हा केल्विन म्हणजे जीवाश्म विकणाऱ्या म्हाताऱ्या थीकरचा नातू. म्हातारा अमोनाइटवर सापाचं डोकं कोरून पाहुण्यांना खपवायचा आणि नातू तोंडानं तसाच करामती. पिपा आपल्या बुटांकडं बघत राहिली. तिच्या आईचा चेहरा कानापर्यंत लाल झाला आणि तिनं पोरांच्या डब्यांची पिशवी उचलली.

पावणेअकराला सगळे नाकाला वळसा घालून आत गेले. खडक कोरडे, ऊन छान, वारा समुद्रावरून मंद. असल्या दिवशी माणसाला वाटतं, वाईट काही घडतच नसतं.

बाईंनी पोरांना कड्याकडं तोंड करून बसवलं. म्हणजे समुद्राकडं पाठ. त्यांनी एका हातात अमोनाइट घेतला आणि दुसऱ्यात बरणी, वर्गात आठवडाभर ठेवलेली, तिच्यात पाणी, गाळ आणि एक मेलेला शिंपला. प्राणी मरतो, म्हणाल्या, तळाशी जातो. उघडा पडला तर कुजतो, खाल्ला जातो, काही उरत नाही. पण त्याच्यावर पटकन गाळ बसला, तर तो झाकला जातो. गाळावर गाळ, त्यावर आणखी गाळ, लाखो वर्षं. वजनानं गाळाचा दगड होतो. कवच हळूहळू विरतं, त्याच्या जागी दगडातलं खनिज भरतं, आणि आकार तेवढा राहतो. केल्विननं विचारलं की म्हणजे वाचायचं असेल तर लवकर पुरलं जायला हवं का? बाई म्हणाल्या, वाचत नाही रे, नुसतं राहतं.

मग पोरं हातोड्या घेऊन दगडांवर तुटून पडली. त्यांना सैतानाची नखं मिळाली, म्हणजे जाड वाकडे शिंपले. मिळाले बाणाच्या टोकासारखे दगड. रोवेना स्टॉर या सगळ्यात लहान मुलीला चकचकीत काळा तुकडा मिळाला. तो जेट, बाईंनी सांगितलं, जेट म्हणजे दगड झालेलं झाड. रोवेनाला पटेना. गाळ समुद्राचा, शिंपले समुद्राचे, मग झाड समुद्रात राहायचं का?

"नाही गं. ते कुठूनतरी वाहत आलं आणि इथं बुडलं. कधी कधी पत्ता खोटा असतो. म्हणून शेजारी कोण राहतं तेही बघायचं."

बारा वाजता केल्विन लघवीला खडकामागं गेला आणि परत येऊन म्हणाला, बाई, मघाशी कोरडा होता तो गोल दगड पाण्यात गेलाय. बाईंनी मान वळवून एकदा पाहिलं. पाणी लांबच होतं. त्यांच्या डोक्यात ओहोटी अजून चालू होती. लाट आली असेल एखादी, म्हणाल्या, बस, डबा खा. पिपाची आई थर्मासमधून चहा ओतत होती. तिनंही समुद्राकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं. कप भरून वाहिला तेव्हा ती भानावर आली, आणि झाकण घट्ट लावून बसली.

एक वाजता बाईंनी सामान आवरायला सांगितलं. अजून भरपूर वेळ आहे, पण शहाण्यानं घाई करावी, असं वर आणि म्हणाल्या. दगडांनी भरलेल्या पिशव्या घेऊन पोरं रमतगमत नाकाशी पोचली तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि सकाळी ज्या सपाट खडकांवरून ती उड्या मारत आली होती ते खडक नव्हते. पाणी होतं. हिरवं, फेसाळ, वर-खाली होणारं, आणि प्रत्येक लाट कड्याच्या भिंतीवर आपटून परत येत होती.

बाईंनी हातातली बरणी खाली ठेवली. पोरांना तिथंच थांबवून त्या बुटांसकट पाण्यात उतरल्या. आठव्या पावलाला पाणी कमरेला लागलं. म्हणजे पोरांच्या गळ्याला. दहाव्या पावलाला लाटेनं त्यांना उचलून खडकावर घासलं. त्या गुडघा फोडून घेऊन, रांगत परत आल्या. दुसऱ्या टोकाच्या नाकाकडं पाहायची गरज नव्हती, तरी पाहिलं. तिथंही तेच.

मनगटावरचं घड्याळ चालू होतं. समुद्र चुकत नाही. मग चुकलं कोण? ओल्या स्कर्टचं पाणी निथळत त्या उभ्या होत्या आणि एकाएकी त्यांना सुतळीचा खण आठवला. पहिलं पान. त्यांनी पिपाच्या आईकडं पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती. अकरा पोरं दोघींच्या तोंडाकडं बघत होती.

बाईंनी आवाज मात्र वर्गातलाच काढला. चला, म्हणाल्या, आज गंमत, पाद्र्याच्या कट्ट्यावर बसायचं. हा कट्टा म्हणजे किनाऱ्याच्या मधोमध कड्यातून बाहेर आलेला खडकाचा पाट. मागं कधीतरी एक पाद्री भरतीत अडकला आणि अख्खी भरती त्याच्यावर बसून प्रार्थना करत जिवंत राहिला, असं गावात सांगतात. बाई सात वर्षांच्या असताना बापानं बोट दाखवून सांगितलं होतं: अडकलीस कधी, तर तिथं. ते त्यांच्या डोक्यात एखाद्या पाढ्यासारखं पक्कं बसलं होतं. पोरांना ओढत, ढकलत, दगडांच्या पिशव्या टाकायला लावत त्यांनी कट्टा गाठला आणि एकेकाला वर चढवायला सुरुवात केली. सहा चढली. सातवी पिपा. ती खालीच उभी राहून खडकाला हात लावत होती.

"चढ पटकन."

"बाई, हा पत्ता बरोबर नाही."

"पिपा, आत्ता नाही! चढ!"

"पण हे बघा ना. बोटीच्या बुडाला चिकटतात ते पांढरे खवले. आणि गोगलगायी. ही पाण्यात राहणारी आहेत. ती माझ्या डोक्याच्याही वर राहतात. तिथं बघा, वर डंकन उभा आहे ना, त्याच्या पायापाशी."

बाईंचा हात तिला फरफटत वर चढवण्यासाठी पुढं झाला होता. तो तसाच खडकावर टेकला. खरखरीत, टोकदार, बोटांना टोचणारे पांढरे खवले, कट्ट्यावर पसरलेले, कट्ट्याच्या मागच्या भिंतीवर हातभर वर चढलेले, आणि त्यांच्या फटींत ओल्या गोगलगायी. तेव्हा बाईंनी वर पाहिलं. कट्ट्याची वरची पायरी, पाद्री जिच्यावर बसला असेल ती, जागेवर नव्हती. कधीतरी कडा ढासळताना ती गेली होती. जे उरलं होतं ते दर भरतीला बुडत होतं. बापाचं बोट बरोबर होतं, पण ते बेचाळीस वर्षांपूर्वीचं होतं.

आजच्या दिवसात दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदा त्या या पोरांना बुडवायला निघाल्या होत्या, आणि दोन्ही वेळा पाठ असलेल्या गोष्टीच्या भरवशावर. क्षणभर तिथंच मटकन बसावं असं वाटलं, आणि त्या बसल्याही असत्या; पण रोवेना त्यांच्या ओल्या स्कर्टला धरून उभी होती.

"उतरा सगळे," त्या म्हणाल्या. "आणि शोधा. नाव नको मला. ज्याचा पत्ता कोरडा आहे असं काय दिसतंय?"

केल्विनलाच दिसली. खोकल्याची पानं. घोड्याच्या खुराएवढी मोठी, मागून पांढरी लव असलेली. आमच्याकडं अजूनही म्हाताऱ्या त्यांचा काढा करतात. खारं पाणी लागलं की ती मरतात. ती होती उत्तरेच्या टोकाला, एका जुन्या दरडीच्या ढिगावर, वर अगदी कड्याला टेकलेल्या भागात, आणि त्यांच्या शेजारी गवत. म्हणजे तिथं काही वर्षं तरी पाणी गेलेलं नव्हतं.

पण दरडीखाली बसायचं नाही, हेही आमच्या गावात उंबरा ओलांडण्याइतकंच पक्कं आहे. जो कडा एकदा पडला तो परत पडतो. बाईंनी वर पाहिलं, खाली पाहिलं. खाली पाणी नक्की होतं. वरचा दगड कदाचित होता. असली निवड कुणावर येऊ नये.

"वर," त्या म्हणाल्या.

चिकट करडा चिखल होता तो. एक पाऊल वर आणि अर्धं खाली. पिपाची आई पुढं चढून हात देत होती, बाई मागून ढकलत होत्या, पोरांचे बूट चिखलात राहत होते आणि ते काढायला कुणी थांबत नव्हतं. सगळी वर पोचली तेव्हा सव्वादोन वाजले होते. तेरा माणसं चार खाटांएवढ्या जागेत गवताला धरून बसली. पोरांनी दोन गाणी म्हटली. तिसरं कुणी सुरू केलं नाही.

तीन वाजता खालचा किनारा दिसेनासा झाला. समुद्रावर चिटपाखरू नव्हतं. आमच्या बोटी दक्षिणेला सापळे उचलायला गेलेल्या. फोन म्हणाल तर तेव्हा भिंतीला लावलेले असायचे. शाळा सुटणार सव्वातीनला, आयाबाया फाटकाशी येणार, मग कुठं कुणाच्या लक्षात येणार. भरती पूर्ण व्हायची होती साडेपाचला. बाईंनी या वेळा पुन्हा पुन्हा मनात मांडल्या. एकदाही त्या जमल्या नाहीत.

साडेतीनला लाटा ढिगाच्या पायाशी आल्या आणि ढीग खाऊ लागल्या. आधी बशीएवढे, मग टेबलाएवढे लचके तुटून पाण्यात जात होते, न आवाज करता, आणि पाणी दुधाळ होत होतं. पानांपर्यंत पाणी चढत नसेल, पण पानं ज्याच्यावर उगवली तेच जर गेलं, तर? हे बाईंनी शिकवलं नव्हतं. हे त्यांना आत्ता दिसत होतं.

मग वरून खडखडलं. बाईंना ओरडायलाही वेळ मिळाला नाही. पिपाची आई केल्विन आणि रोवेनाच्या अंगावर पालथी पडली, आणि पावाएवढा दगड तिच्या खांद्यावर बसला. काहीतरी मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. ती उठून बसली, ओठ पांढरे, एक हात मांडीवर लुळा, आणि केल्विनला विचारलं, लागलं नाही ना रे तुला? ज्या पोरानं सकाळी नळ वाजवला होता तो तिच्या कुशीत तोंड खुपसून हुंदके देऊ लागला, आणि तो रडला तसा सगळ्यांचा धीर सुटला.

बाई मनातल्या मनात देवाला विनवत होत्या. मला घे, या पोरांना सोड. मला दगड मार. पोरं काय सांगतील घरी, घरी जातील का, कुणाच्या आईसमोर आपण कुठल्या तोंडानं उभं राहायचं, हेच चक्र. अशात रोवेनानं त्यांची बाही ओढली. तिचा आवाज अगदी साधा होता, वर्गात शंका विचारावी तसा.

"बाई, आपण या गाळात पुरलो गेलो आणि मग कुणाला सापडलो, तर आपला पत्ता खोटा निघेल ना? त्यांना वाटेल ही पोरं समुद्रात राहायची."

बाईंनी रोवेनाचा चिखलाचा हात आपल्या हातात घेतला. सव्वीस वर्षांत त्यांच्या शिकवण्याचा इतका नीट अर्थ कुणी लावला नव्हता. पिपाच्या आईनं डोळे मिटून घेतले.

"नाही निघणार," शेवटी बाई म्हणाल्या. "कारण आपण खरा सांगून ठेवणार आहोत. मोठ्यांदा. रोवेना, तुझा पत्ता सांग. कड्याला ऐकू गेला पाहिजे."

"चौदा, चॅपल गल्ली, हॅगविक!"

"डंकन?"

"धक्क्यावरचं निळं दार!"

एकेक करून अकरा पत्ते झाले. लोहाराच्या मागं, पोस्टाच्या वर, थीकरांचं दगडांचं दुकान. पिपाची पाळी आली तेव्हा ती अडखळली. "कुठला सांगू? इथला की लीड्सचा?"

"तुझा जो असेल तो."

पिपानं आईकडं पाहिलं. "टेकडीवरचं घर," ती ओरडली, "हॅगविक!" मग पुन्हा पहिल्यापासून. घसा बसेपर्यंत, लाटांच्या वर, तीन वेळा, चार वेळा, दहा वेळा. खाली आणखी एक लचका गेला तेव्हा खालच्या बाजूची चार पोरं वरच्यांच्या मांडीवर बसली आणि पत्ते चालूच राहिले.

चार वाजून दहा मिनिटांनी दक्षिणेच्या नाकाला वळसा घालून बचावाची बोट आली. बोटीवरची माणसं नंतर सांगत, आधी काही दिसलं नाही, कडा आणि चिखल एकाच रंगाचा. नुसती पोरं ओरडत होती आणि तीही काय, तर घरांचे पत्ते. दोरी बांधून एकेक पोर उतरवलं. बाईंनी प्रत्येकाला हात लावून मोजलं. अकरा. मग पिपाची आई. मग त्या. बोट फिरत असताना खोकल्याच्या पानांचा निम्मा तुकडा पाण्यात घसरला. कुणी पोरांना दाखवला नाही.

धक्क्यावर सगळं गाव लोटलं होतं. पोरं आयांच्या अंगावर पडली, कुणी मार खाल्ला, कुणी मुका, बहुतेकांनी दोन्ही. गर्दीच्या पुढं काठी टेकून आयझॅक वेरिल उभा होता. बोट त्यानंच बोलावली होती. एक वाजता बाकावरून त्याला पाणी जिथं दोनला पोचायचं तिथं आलेलं दिसलं. तासभर आधी. त्यानंही तास मिळवलेला होताच ना. म्हाताऱ्यानं पाऊण तास स्वतःशीच वाद घातला, पत्रक खरं की डोळे, आणि मग त्याला पोरांची सहल आठवली. तिथून टेकडी चढून फोनपर्यंत ऐंशी वर्षांचे पाय, आणि बोट यायची दक्षिणेकडच्या लांबच्या बंदरातून. त्यानं मुलीच्या गालाला हात लावला. "पत्रक बघितलंस, पोरी," तो म्हणाला. "समुद्राकडं बघितलं नाहीस." एवढं बोलून त्याचा चेहरा वेडावाकडा झाला आणि त्यानं तोंड फिरवलं.

पण गाव आपल्या माणसाला सांभाळून घेतं. कुणीतरी आपल्या घरातली पुस्तिका आणली होती आणि हातोहात फिरत होती. हे काय बारीक अक्षर, कोण वाचणार, छापणाऱ्याला धरून आणलं पाहिजे, इथल्या कुठल्याही माणसानं तासच मिळवला असता, वेरिलबाईंची काही चूक नाही. म्हाताऱ्या थीकरनं तर म्हटलंच, की बाहेरची बाई सोबत होती म्हणे, तिच्यामुळंच पोरं रेंगाळली असणार. पिपाची आई तिथंच होती, घोंगडीत गुंडाळलेली, हात रुमालानं गळ्यात बांधलेला.

बाई गर्दीच्या मधोमध आल्या. गुडघ्यावरचं रक्त वाळलं होतं. त्यांनी आवाज चढवला नाही, पण सव्वीस वर्षांची सवय होती, सगळे गप्प झाले.

"पत्रक बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "या नेसफील्डबाईंनी सकाळी मला बरोबर वेळ सांगितली होती. पहिलं पान यांनी वाचलं होतं. मी यांना बोलूच दिलं नाही. पोरांसमोर हसले मी यांना."

कुणीतरी खोकलं. थीकरनं टोपी काढून हातात घेतली. बाई माफी मागायला पिपाच्या आईकडं वळल्या. पण तिनंच आधी मान वर केली. तिचे दात वाजत होते.

"बारा वाजता मला कळलं होतं," ती म्हणाली. "त्यानं गोल दगड पाण्यात गेला म्हणून सांगितलं ना, तेव्हाच. पाणी चढत होतं. मी बघितलं. तेव्हा बोलले असते तर वेळेत बाहेर पडलो असतो." तिनं पिपाच्या डोक्यावर चांगला असलेला हात ठेवला. "पण पुन्हा हसतील म्हणून गप्प बसले."

बाईंनी तिचा हात धरला. गर्दीनं वाट करून दिली, आणि दोघीजणी, मधे पिपा, टेकडीचा चढ चढू लागल्या.